हात लावला की चाल

सुरवाडे सरांना भाजी आणायला पाठवायचं असेल तर हात बांधून पाठवावं लागतं, असं त्यांच्या बायकोने, शांतावहिनीने, मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मला वाटलं, गंमत करतेय. पुढे एकदा जळगावच्या बाजारात मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भरताच्या वांग्यांचा ढीग होता. सरांनी एक वांगं उचललं, फिरवून बघितलं, तर देठाशी किडीचं भोक. कुणीही शहाणा माणूस ते गुपचूप खाली ठेवतो आणि दुसरं उचलतो. सरांनी ते पिशवीत टाकलं.

"अहो सर, किडकं आहे ते!" मी जवळजवळ ओरडलेच.

"दिसलं मला. पण हात लावला ना, बाई."

भाजीवालीसुद्धा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना मास्तर, दुसरं घ्या." मास्तर ऐकतात थोडंच! हात लावला की चाल. बुद्धिबळातला हा नियम त्यांनी जगायलाच लावून घेतला होता. पटावरच्या सोंगटीला बोट लागलं की ती हलवायची, मग त्यात राजा मरो की वजीर. तसंच बाजारात, तसंच शाळेत, तसंच घरी. म्हणून तर ते बाजारातून, वर्गातून, लग्नाच्या मांडवातून, कुठूनही चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचे. नवीन पोरांना वाटायचं की सर फार ऐटबाज आहेत. ऐट कसली डोंबलाची! माणूस आपल्याच हातांना घाबरून होता.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवायचे आणि स्काउटचं पथक बघायचे, मी इतिहास-भूगोल शिकवायचे आणि मुलींचं गाइडचं पथक बघायचे. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. सर उंचीने बेताचे, रंगाने काळेसावळे, आवाज मऊ. शनिवारी खाकी चढवली आणि गळ्यात निळा स्कार्फ बांधला की मात्र हाच माणूस दोन बोटं उंच झाल्यासारखा वाटायचा. त्या स्कार्फची इस्त्री ते स्वतः करायचे. वहिनीलाही हात लावू द्यायचे नाहीत.

त्यांचे वडील वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होते. दारूगोळ्याचं काम. बुद्धिबळ सरांना वडिलांनीच शिकवलं, कामावरून आल्यावर ओट्यावर बसून. म्हातारा म्हणायचा, "पोऱ्या, हात लावाच्या आधी इचार कर. लावल्यावर काय इचार करतं?" आता दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला वेगळंच वजन असतं. पोराने ते हाडात मुरवून घेतलं.

दुसरी एक सवय होती. त्यांना वाकडं काही बघवायचं नाही. फळ्यावरचा खडू तिरपा असला तर सरळ करतील, टेबलावरची छडी कडेला समांतर लावतील. पोरांचे स्कार्फ तर दिवसभर नीट करत असायचे. पटावर तर विचारूच नका. सगळ्या घोड्यांची तोंडं समोर हवीत. एखादा घोडा बाजूला बघत असेल तर सरांचा जीव कासावीस व्हायचा. पण खेळात सोंगटीला नुसतं बोट लागलं तरी ती चाल धरतात, म्हणून नीट करण्याआधी मोठ्याने सांगावं लागतं. सर म्हणायचे, "सारखं करतो." हे दोन शब्द आधी, मग हात. ते दोन शब्द म्हटले की हात लागला तरी चाल धरायची नाही, असा कायदाच आहे. सरांच्या तोंडात ते इतके बसले होते, की पोरांच्या गळ्यातला स्कार्फ सरळ करतानाही आधी "सारखं करतो" आणि मग बोटं पुढे. एकदा मुख्याध्यापकांच्या कोटाची कॉलर त्यांनी भर प्रार्थनेत अशीच सारखी केली होती. आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसलो.

शनिवारी स्काउटचा तास संपत आला की मागच्या खोलीत पट मांडले जायचे. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांवर पोरांनी चौकटी रंगवलेल्या. काही सोंगट्या विकतच्या, काही हरवल्या म्हणून सुताराकडून करून आणलेल्या. माझ्या मुलीही तिथे जाऊन बसायच्या. मला सुरुवातीला राग यायचा. गाठी मारायच्या सोडून हे काय चाललंय? मी सरांना टोमणे मारायचे. "तुमच्या वजिराला तंबू ठोकता येतो का हो?" सर हसायचे आणि म्हणायचे, "बाई, एकदा समोरच्या खुर्चीत बसून बघा."

हे त्यांचं आणखी एक पालुपद. पोरगं अडलं की ते चाल सांगायचे नाहीत. "ऊठ. पलीकडे जा. त्याच्या बाजूने बघ." पोरगं उठून प्रतिस्पर्ध्याच्या मागे उभं राहायचं आणि बहुतेक वेळा तिथूनच "अरेच्चा!" करून परत यायचं.

त्या पलीकडे जाऊन बघण्याचा अर्थ मला कळला तो सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या बाजूला शिबिर होतं तेव्हा. दुपारनंतर भटकंती करून परत आलो, पोरं मोजली, तर एक कमी. सुनील, पाचवीतला, वर्गातला सगळ्यात बुटका. सूर्य कलायला लागला होता, जंगल पुढे वाढत गेलेलं. मी म्हटलं, चला, चारी बाजूंना पांगा, हाका मारा. आणि सर? सर त्या पायवाटेच्या फाट्यावर जाऊन खाली बसले!

"सर, बसता काय? पोर हरवलंय!"

"एकदा हाका मारत पांगलो की आपली पण पोरं हरवतील, बाई. थांबा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. सर ऐकत नव्हते. उकिडवे बसून मान इकडेतिकडे करत होते, मग आणखी खाली झाले, पार गुडघ्यावर. आणि एकदम म्हणाले, "त्याला मोठी वाट दिसलीच नसेल. या उंचीवरून गवत आड येतं. ही गुरांची वाट तेवढी दिसते." आणि उठून सरळ त्या गुरांच्या वाटेला लागले. मी मागे धावले. बरंच खाली, ओढ्याकाठी एका गुराख्याच्या शेजारी सुनील बसला होता. रडून रडून डोळे सुजलेले, हातात गुराख्याने दिलेला भाकरीचा तुकडा. सरांनी त्याला रागावलं नाही. त्याचा स्कार्फ सरकून खांद्यावर आला होता. "सारखं करतो," म्हणाले आणि सरळ केला.

त्या दिवसापासून मी टोमणे मारायचं बंद केलं.

पण सगळ्यांनी थोडंच बंद केलं होतं! शाळेत नवीन मुख्याध्यापक आले, महाजन सर. माणूस वाईट नव्हता, पण कानाचा हलका. कुणा पालकाने त्यांच्या कानात सांगितलं, की स्काउटच्या नावाखाली पोरं खोलीत बसून खेळतात. शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर महाजन सरांनी विषय काढला.

"सुरवाडे सर, बुद्धिबळ स्काउटिंगमध्ये बसतं का? कुकिंगला बॅज आहे, शिवणाला आहे, बागकामाला आहे, पोहण्याला आहे. बुद्धिबळाला आहे का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग पट कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. बॅज नाही त्याला तास नाही."

सर खुर्चीतून उठले. आमच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, सुरवाडे सर उठले की बोलल्याशिवाय बसत नाहीत. उठणं म्हणजे सोंगटीला हात लावणं. मी मनात म्हटलं, बसा हो सर, बसा. पण ते बसले नाहीत. त्यांचा मऊ आवाज त्या दिवशी चढला.

"बॅज नसेल तर मागून आणतो. धुळ्याला जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांची बैठक आहे. तिथे ठराव मांडतो. नाही आणता आला, तर हा स्कार्फ काढून ठेवतो."

महाजन सरांचा चेहरा पडला. "अहो, तसं कुठे म्हटलं मी? रागात बोललात, सोडून द्या."

"बोललो ना, सर," सुरवाडे म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर चहाबरोबर विषय गिळून टाकला असता. पण हे सुरवाडे सर होते. किडकं वांगं पिशवीत टाकणारे! मी त्यांच्या घरी गेले. शांतावहिनी चुलीपुढे बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "बोलून बसले ना?" मी मान हलवली. "त्या स्कार्फशिवाय हा माणूस कसा जगेल, बाई? लग्नातसुद्धा घालायचा म्हणत होते. तुम्ही बरोबर जा. काही झालं तरी एकटं येऊ देऊ नका."

म्हणून मी गेले. तसंही गाइडची प्रतिनिधी म्हणून माझी खुर्ची होतीच त्या बैठकीत.

एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. सरांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पोरांनी रंगवलेला एक पट. धुळ्याच्या त्या कार्यालयात लांब टेबल होतं, भिंतीवर झेंडा, वर कुरकुरणारा पंखा. बैठकीचे अध्यक्ष देवरे साहेब, जंगलखात्यातून निवृत्त झालेले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, सातपुड्यातली अर्धी झाडं नावानिशी ओळखणारा माणूस. त्यांच्याविषयी मला आदर होता आणि त्या दिवशी भीतीही होती, कारण बॅज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हात गाळलेला घामच यायचा.

सरांनी ठराव मांडला. साधा, चार वाक्यांत. बुद्धिबळासाठी स्वतंत्र प्रावीण्य बॅज असावा, दोन्ही जिल्ह्यांतर्फे तशी शिफारस वर पाठवावी.

"बुद्धिबळाला?" एक सभासद हसले. "मग पत्त्यांना का नको? सापशिडीला पण द्या."

"पत्त्यांत पान नशिबाचं असतं," सर म्हणाले. "सापशिडीत फासा. इथे सगळं दोघांच्या समोर असतं. हरलो तर नशिबाला नावं ठेवता येत नाहीत."

देवरे साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सुरवाडे, मीही खेळतो. रोज संध्याकाळी खेळतो. खेळ उत्तम आहे, माझं काही म्हणणं नाही. पण स्काउट हा मैदानावरचा. पोर उन्हात गेलं पाहिजे, चूल पेटवता आली पाहिजे, पूर आला तर दोर टाकता आला पाहिजे. बसून खेळायच्या खेळाने कुणाचा जीव वाचला?"

मला राहवलं नाही. मी उठले आणि पालच्या शिबिरातली हकिगत सांगून टाकली, सुनीलची, गुरांच्या वाटेची. सर माझ्याकडे बघून नको नको म्हणत होते. पोर हरवलं होतं हे भर बैठकीत सांगणं म्हणजे स्वतःच्या पथकाची लाज काढणं. पण मी थांबले नाही.

देवरे साहेबांनी सगळं नीट ऐकलं. "शाबास," ते म्हणाले. "पण बाई, याला माग काढणं म्हणतात. त्याला बॅज आहे आपल्याकडे."

मी खाली बसले. माणसाने मुद्दाच खोडून टाकला होता.

सर मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, गाठ चुकली तर ती सुटते आणि सगळ्यांना दिसते. चूल पेटली नाही तर धूर होतो. पण आपली चूक दुसऱ्या कुणाला दिसलीच नाही, तरी ती आपल्या तोंडाने सांगायची, ही सवय कुठल्या बॅजने लागते? ती या खेळात लागते. म्हणून मागतोय."

कुणी हसलं नाही. देवरे साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "ठीक आहे. भाषणं पुरे. पट आणलाय ना? मांडा. मला हरवलंत तर ठराव माझ्या सहीने वर जाईल, आणि वरच्यांशी मी स्वतः भांडेन. मी जिंकलो तर हा विषय या टेबलावर पुन्हा आणायचा नाही. मंजूर?"

सगळे सभासद एकदम ताजेतवाने झाले. अशा बैठकीत असं काही होईल ही कुणाची अपेक्षा! मी सरांच्या कानात म्हटलं, "सर, विचार करा." पण त्यांचा हात पिशवीत गेला होता. पट बाहेर आला.

खेळ सुरू झाला. मला तेव्हा सोंगट्या कशा चालतात एवढंच कळायचं. पण चेहरे मला वाचता येतात. सुरुवातीला देवरे साहेब खुशीत होते, सोंगट्या ठाणकन आपटत होते. प्रत्येक आपटण्याने शेजारच्या सोंगट्या हलायच्या. सर म्हणायचे, "सारखं करतो," आणि बोटाच्या टोकाने सगळ्यांना चौकटीच्या मधोमध आणायचे, घोड्यांची तोंडं समोर करायचे. मग हात लगेच पाठीमागे. साहेब गमतीने म्हणाले, "अहो, तुम्ही खेळताय की झाडताय?" सगळे हसले.

मग हळूहळू साहेबांचं आपटणं थांबलं. मिशी ओढणं सुरू झालं. सभासद खुर्च्या सोडून भोवती उभे राहिले. साहेबांचा एक हत्ती गेला, उंट गेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका सभासदाने मला हळूच सांगितलं, "बाई, तुमचे सर जिंकतायत. आता हत्ती खाली उतरवला की मात. पण सरांच्या राजाच्या तोंडाशी साहेबांचा वजीर टपलाय. वजीर यायच्या घरावर सरांच्या एका घोड्याचा पहारा आहे, म्हणून तो थांबलाय. घोडा हलवायचा नाही, बस." चाल सरांची होती. मला तो निळा स्कार्फ दिसत होता, तासाला पळत येणारी पोरं दिसत होती, वहिनीचा चुलीपुढचा चेहरा दिसत होता. उतरवा हो हत्ती, मी मनात म्हणत होते. लवकर उतरवा.

त्याच वेळी शिपाई सुकलाल चहाचा ट्रे घेऊन आत आला. गर्दीतून वाट काढताना त्याचा धक्का टेबलाला लागला. पट हलला. तो घोडा, तोच, वळून बाजूला बघायला लागला.

"बठ्ठास्ले चहा शे," सगळ्यांपुढे ट्रे धरत सुकलाल अहिराणीत म्हणाला. "सर, तुम्ही पन ल्या ना."

"नको, मला नको," सर म्हणाले. आणि हे म्हणत असताना त्यांचा हात आपोआप पुढे आला, घोड्याचं तोंड समोर केलं आणि मागे गेला.

तोंडाने "नको" म्हटलं होतं. "सारखं करतो" म्हटलं नव्हतं.

देवरे साहेब बशीत चहा ओतत होते. सभासद ट्रेकडे वळले होते. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. आणि सरांनी वर पाहिलं तेव्हा त्यांना कळलं की मी पाहिलंय. देवाशपथ सांगते, मी त्यांना मान हलवून खुणावलं. नाही म्हणून. नका बोलू. अहो, तुम्ही तो सारखाच करत होतात, सकाळपासून करताय, चाल थोडीच करत होता! एवढं सगळं मी डोळ्यांनी बोलले. सर माझ्याकडे बघत होते. एकदा त्यांनी हत्तीकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "माझा हात लागला घोड्याला."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "कधी? मी नाही पाहिलं."

"आत्ता. चहा आला तेव्हा."

"अहो, मग सारखं करत असाल. दिवसभर तेच चाललंय तुमचं."

"सारखंच करत होतो. पण म्हटलं नाही."

"मनात म्हटलं असेल ना! चला, खेळा हत्ती."

"मनात म्हटलेलं समोरच्याला ऐकू येत नाही, साहेब."

देवरे साहेबांना पटावर काय होणार ते दिसत होतं, त्यांचा चेहराच सांगत होता. "सुरवाडे, मी सांगतो तुम्हाला. मी तक्रार करत नाहीये. समोरचाच तक्रार करत नाहीये!"

सरांनी घोडा उचलला आणि दुसऱ्या घरात ठेवला. चौकटीच्या अगदी मधोमध, तोंड समोर.

साहेबांना खेळायचं नव्हतं हे मला दिसत होतं. पण दिलेला शब्द त्यांचाही होता. शेवटी त्यांनी वजीर उचलला, या वेळी न आपटता, आणि अलगद सरांच्या राजासमोर ठेवला. मात.

स्काउट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. साहेबांनी डावा हात पुढे केला, सरांनी तो घेतला. मग सरांनी गळ्यातला स्कार्फ सोडला, टेबलावर ठेवून घडी घातली, कडेला कड लावून, आणि पिशवीत ठेवला. देवरे साहेबांना त्या शपथेचं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "हे काय?" कुणाला सांगावं लागू नये म्हणून मी पटकन पिशवी उचलली आणि बाहेर पडले. दाराशी सुकलालने विचारलं, "काय व्हयनं, ताई? सर हारनात का?" मी मान हलवून पुढे निघाले.

परतीच्या एसटीत मी फुटले. पारोळ्यापर्यंत मी दम धरला होता. मग म्हटलं, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? पोरांचा बॅज घालवलात, पथक घालवलंत, ते सुद्धा एका लाकडी घोड्यासाठी! कुणी पाहिलं नव्हतं!"

"तुम्ही पाहिलं होतं ना," सर म्हणाले.

"मी कुणाला सांगणार होते?"

"तेच तर. म्हणून मला सांगावं लागलं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. एरंडोल गेलं तरी बाहेरच बघत होते. मी रडत होते आणि ते मला गप्प बसा म्हणत नव्हते, आणि त्याचाही मला राग येत होता.

सोमवारी महाजन सरांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "अहो, पट राहू द्या, खेळ राहू द्या, मी माघार घेतो. पथक सोडू नका." सर म्हणाले, "पट राहू द्या, ते बरं होईल." पथक निकम सरांकडे गेलं. निकम सर कवायतीचे, पोरांच्या गाठी पक्क्या झाल्या, खोटं कशाला बोला. शनिवारी मागच्या खोलीत पट मांडले जायचे, पण तिथेही सुरवाडे सर यायचे नाहीत. ज्याला शिकायचं असेल तो त्यांच्या घरी ओट्यावर जायचा. शाळेत ते गणित शिकवत, आणि स्काउटचा तास सुरू झाला की घरी निघत. वहिनी म्हणायची, इस्त्री अजून करतात. दर शुक्रवारी तो स्कार्फ काढतात, इस्त्री करतात आणि परत ठेवतात.

मला विचाराल तर मी अजूनही त्यांच्यावर चिडलेली आहे. माणसाने सच्चं असावं, मान्य. पण त्या पोरांचं काय, त्यांनी काय बिघडवलं होतं? एकदा मी त्यांना हे तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, खोटं जिंकून आणलेला बॅज मी त्यांच्या बाहीवर कसा लावला असता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण राग आहे, तो आहेच. राग काय उत्तर मिळालं नाही म्हणून जातो थोडाच!

देवरे साहेबांनी पुढे आयुष्यभर काही तो विषय टेबलावर आणला नाही. शब्द म्हणजे शब्द. बुद्धिबळाला बॅज आमच्या काळात मिळाला नाही.

सर निवृत्त होऊन नशिराबादला राहायला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकात, जळगावला मेळावा भरला होता तेव्हा. मोठं मैदान, दोन्ही जिल्ह्यांची पथकं, तंबूंच्या रांगा, भोवती तारेचं कुंपण. मी मुलींना संचलनासाठी उभं करत होते. सहज कुंपणाकडे नजर गेली. बाहेर, रस्त्याच्या बाजूला, पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा माणूस उभा होता. दोन्ही हात पाठीमागे.

मी धावतच गेले. "सर! बाहेर काय उभे राहिलात? आत या ना. फाटक तिकडे आहे, मी येते घ्यायला."

"इथून छान दिसतं, बाई."

मी सवयीने तारेतून डावा हात पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पुढे आणले, जोडले, आणि नमस्कार केला. मला इतकं वाईट वाटलं, की मी हात तसाच धरून उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या पथकातली एक लहान मुलगी मला शोधत पळत आली. "बाई, चला ना, शिट्टी झाली!" तिचा स्कार्फ पळून पळून पार कानाखाली गेला होता. सरांनी तो पाहिला. मला कळलं आता काय होणार. त्यांचा हात निघाला आणि तारेपाशी येऊन थांबला. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही स्कार्फला हात लावला नव्हता, स्वतःचा सोडून. मुलगी त्या थांबलेल्या हाताकडे बघत होती. मी या वेळी खूण केली नाही. एकदा करून पाहिली होती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने, मला नीट ऐकू येईल असं, म्हणाले, "सारखं करतो."

मग दोन्ही हात तारेतून आत आले. त्यांनी तो स्कार्फ सोडवला, घडी नीट केली, दोन्ही टोकं मापात घेतली आणि तिच्या गळ्याखाली बरोबर मधोमध आणून ठेवला.

"तुम्ही स्काउटचे सर आहात का?" मुलीने विचारलं.

"नाही, बेटा," सर म्हणाले. "जा, शिट्टी झाली."

आणि त्यांनी हात परत पाठीमागे घेतले.